आचरे
आचरे : (आचरा). महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मालवण तालुक्यातील एक गाव व लहान बंदर. हे मालवणच्या उत्तरेस सु. २० किमी.वर, आचरे नदीच्या मुखाशी अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसले आहे. खाडीपलीकडे देवगड तालुक्याची हद्द लागते. रेल्वेने येणाऱ्यास कणकवली हे स्थानक सोयीचे.

पूर्वेकडील जांभ्याचा सडा, त्याच्या उतारावरील आंबा-काजूची लागवड, सखल भागातील भातशेती आणि किनाऱ्यालगतचे माड असे येथील भूमीचे रूप आहे. पावसाळी पीक निघाल्यावर पाणथळ मळ्यांतून वायंगणाचे दुसरे भात घेण्याची रीत या भागात जुनी आहे. वस्ती एकवट नसून वाड्यांतून विखुरलेली आहे. पिरावाडी ही मच्छीमारांची, तर जामडूल हे खाडीतील बेट.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केल्यावर मालवण किनाऱ्याचे महत्त्व वाढले. पुढे हा प्रदेश करवीरकर छत्रपतींकडे आला. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग काही काळ घेतला होता. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा आचरे नव्या जिल्ह्यात आले. या राजकीय उलथापालथींहून गावाच्या व्यवहारावर अधिक ठसा उमटला आहे तो रामेश्वर देवस्थानाचा. देवाच्या नावामागे आजही ‘इनामदार’ हे बिरुद लावतात. गावचा खरा धनी रामेश्वर, ही भावना त्यातून व्यक्त होते. देवस्थानाचा रामनवमी उत्सव व त्यातील गायनाच्या बैठकी परिसरात प्रसिद्ध आहेत. नारळी पौर्णिमेस खाडीत नारळ अर्पण करतात. रामेश्वर वाचन मंदिर ही येथील जुनी ग्रंथालय-संस्था.

गावाची सर्वांत लक्षणीय प्रथा म्हणजे गावपळण. साधारणतः चार-पाच वर्षांनी देवाचा कौल मिळाला, की सारा गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहतो. गुरे, कुत्री, कोंबड्यादेखील बरोबर नेतात. बाजारपेठ बंद होते. हद्दीपलीकडच्या माळांवर व शेतांत झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, सामायिक चुली पेटतात, रात्री भजने व फुगड्या रंगतात. मुंबईस नोकरीधंद्यासाठी गेलेले चाकरमानीही त्यासाठी येतात. मुसलमान कुटुंबेही गावाबरोबर बाहेर पडतात, हे विशेष नमूद करण्यासारखे आहे. मुदत संपल्यावर पुन्हा कौल घेतात आणि तो मिळाल्यावरच लोक घरी परततात. शेजारच्या चिंदर व वायंगणी या गावांतही अशी प्रथा आहे.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. या काळात गावात भुताखेतांचा वावर असतो, असे लोकश्रद्धा सांगते. साथीच्या रोगांपासून दूर जाण्याच्या जुन्या उपायाची ही अवशिष्ट खूण असावी, असा तर्कही केला जातो. तो सयुक्तिक वाटला, तरी त्यास लेखी आधार दाखविता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी भीतीवर आधारलेली रूढी म्हणून तिच्यावर टीका केली आहे. आजारी, वृद्ध व बाळंतिणी यांना होणारा त्रास आणि घर न सोडू इच्छिणाऱ्यावर येणारे सामाजिक दडपण लक्षात घेता ही टीका सहज दूर सारता येत नाही. उलट, तीन दिवस श्रीमंत-गरीब एकाच झापाखाली राहतात व भाऊबंदकीतील अबोला तेथे सुटतो, याकडे गावकरी बोट दाखवितात. नव्या पिढीतील अनेकजण भुतांची कथा मानीत नाहीत, पण राहुटी मात्र बांधतात. डिसेंबर २०१९ व डिसेंबर २०२४ मध्ये आचऱ्याची गावपळण झाली.