स्फिग्मोमॅनॉमीटर

स्फिग्मोमॅनॉमीटर : रक्तदाब मोजण्याचे उपकरण. पारिभाषिक मराठीत रक्तदाबमापक. दवाखान्यात आणि घरी ‘बीपीचं मशीन’.

उच्चार : देवनागरीत या शब्दाची अक्षरे सात, पण उच्चारखंड सहाच : स्फिग्-मो-मॅ-नॉ-मी-टर. लिहिताना ‘मो’ला जोडलेला ग् बोलताना आधीच्या खंडात जातो, ‘युग्म’मध्ये जातो तसाच. ‘स्फटिक’ आणि ‘युग्म’ सहज म्हणणाऱ्या मराठी जिभेला हा शब्द मुळीच जड नाही. अडवते ते रोमन स्पेलिंग. ‘स्पिग्मो’, ‘स्फायग्मो’ हे चुकीचे उच्चार त्यातूनच येतात. परिचर्येच्या किंवा वैद्यकाच्या नव्या विद्यार्थ्याने शब्द आधी देवनागरीत लिहून घ्यावा. इंग्रजीत आघात चौथ्या खंडावर, ‘नॉ’वर येतो आणि ‘मी’ ऱ्हस्व होतो. मराठीत तो ‘थर्मामीटर’मधल्यासारखा दीर्घच राहतो.

घटक : ग्रीक ‘स्फिग्मॉस’ म्हणजे नाडीचा ठोका, ‘मानॉस’ म्हणजे विरळ, ‘मेत्रॉन’ म्हणजे माप. हे तिन्ही एका ओळीत ठेवले तर अर्थ लागत नाही. मॅनॉमीटर, म्हणजे वायूचा वा द्रवाचा दाब मोजणारे साधन, हा शब्द आधीपासून रूढ होता. त्याला ‘स्फिग्मो’ जोडला गेला. म्हणून खरी फोड स्फिग्मो + मॅनॉमीटर, अर्थात नाडीचा दाबमापक. ‘मॅनो’मध्ये आपले ‘परिमाण’मधले ‘मान’ शोधू नये. मोजण्याचा अर्थ ‘मीटर’मध्ये आहे. श्वास कोंडण्याला वापरला जाणारा ‘अ‍ॅस्फिक्सिया’ हा शब्दही ‘स्फिग्मॉस’च्याच कुळातला, त्याचा मूळ अर्थ नाडी न लागणे.

नावात रक्ताचा उल्लेख नाही, नाडीचा आहे, आणि ते योग्यच आहे. १८८१ मध्ये सॅम्युअल फॉन बाश यांनी पाण्याने भरलेली लहान पिशवी धमनीवर दाबून, नाडी लागेनाशी होते तेव्हाचा दाब मॅनॉमीटरवर वाचला. दंडाला बांधायचा हवेचा पट्टा इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकण्याची रीत सांगितली. त्यामुळे खालचा आकडाही नेमका मिळू लागला.

पाऱ्याच्या विषारीपणामुळे २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवण्याचे ठरले. मोजमापाचे एकक मात्र आजही मिलिमीटर पारा हेच आहे.