वर्गणीदाराचे ऋण

ग्रंथ छापून होण्यापूर्वीच त्याची किंमत देऊन ठेवणारा ग्राहक हा प्रकाशनाच्या इतिहासातील एक उपेक्षित पुरुष होय. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर राहते, प्रकाशकाचे त्याखाली. परंतु ज्याच्या पैशांतून कागद विकत घेतला गेला त्याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथकार ह्या बाबतीत अधिक कृतज्ञ होते. त्या काळच्या कित्येक पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापलेली आढळते. आगाऊ पैसे देणाऱ्यास किंमतीत सूट मिळे. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ह्या नावाने ती चाल मराठीत पुढेही टिकून राहिली.

ह्या चालीची मोठी कसोटी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या वेळी लागली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सरकारी खजिन्याच्या बळावर नव्हे, तर मंडळी काढून, भागीदार व वर्गणीदार मिळवून हे कार्य उभारले. पहिला खंड १९२० साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या २३ पर्यंत गेली. आरंभीच्या वर्गणीदाराने पत्करलेला धोका लहान नव्हता. काम मध्येच थांबते तर त्याच्या हाती अपुरा संच राहता. तथापि जो खंड त्याच्या घरी पोचला तो त्याचाच झाला. केतकर १९३७ साली निवर्तले, ज्ञानकोश मंडळही इतिहासजमा झाले; पण त्या खंडांचे एकही पान त्यामुळे कोरे पडले नाही.

आता एका नव्या प्रकाशकवर्गाकडे वळू. व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपन्याही स्वतःस प्रकाशकच म्हणवितात. हा व्यवसाय आपणांस वाटतो तितका दूरचा नाही. आपल्या बंगळुरात १९९७ साली ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था निघाली, परदेशी खेळांसाठी चित्रकाम करून नावारूपास आली आणि २०१९ साली ‘रॉकस्टार’ ह्या कंपनीने ती विकत घेतली. पुण्यात ‘युबिसॉफ्ट’ ह्या फ्रेंच प्रकाशकाची शाखा २००८ पासून आहे.

ह्या व्यवसायात निष्ठावंत ग्राहकाची गती मराठी वर्गणीदाराच्या नेमकी उलट दिसते. जो आगाऊ नोंदणी करतो तो पूर्ण किंमत मोजतो व पहिल्या आवृत्तीतील दोषही सोसतो. जो वर्ष-दोन वर्षे थांबतो त्यास दुरुस्त केलेला खेळ पुष्कळदा निम्म्या किंमतीत मिळतो. ह्यातील अन्याय कधीकधी प्रकाशकालाही जाणवतो. निन्टेन्डोने मार्च २०११ मध्ये अमेरिकेत ‘थ्री-डीएस’ हे खेळयंत्र सुमारे २५० डॉलरना आणले आणि ऑगस्टमध्येच किंमत १७० डॉलरवर उतरविली. आधी घेणारे रुष्ट होणार हे ओळखून कंपनीने त्यांना २० जुने खेळ विनामूल्य दिले. पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट’ने तर आपल्या ‘द विचर ३’ ह्या २०१५ च्या खेळाची नव्या यंत्रांसाठी सुधारलेली आवृत्ती २०२२ साली जुन्या ग्राहकांस काहीही न घेता दिली. सर्वच प्रकाशक कृतघ्न असतात असे म्हणता येणार नाही, ते ह्यामुळेच.

परंतु किंमतीतील तोटा हा सौम्य दंड होय. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला. तो कंपनीच्या संगणकांशी जोडल्यावाचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी ते संगणक बंद झाले आणि ज्यांनी दाम मोजून खेळ घेतला होता त्यांच्या हाती निरुपयोगी तबकडी राहिली. पैसे परत मागण्याची वाट नुकत्याच खरेदी केलेल्यांपुरती होती. दहा वर्षांच्या सोबत्यास ती नव्हती. ह्यावर ओरड झाली, तेव्हा मालिकेतील पुढचे दोन खेळ जोडणीवाचून चालतील अशी सोय करण्याचे कंपनीने जाहीर केले. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात, असा माल ‘विकत घ्या’ म्हणून विकताना तो केवळ वापराचा परवाना आहे हे स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले. युरोपात त्याच वर्षी, खेळ बंद करताना तो चालण्याजोगा ठेवावा ह्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या.

प्रकाशकाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. छापलेल्या पुस्तकाला पुढे खर्च नाही. जोडणीवर चालणाऱ्या खेळाला रोजचा खर्च आहे, आणि तो अनंतकाळ करावा असे कोणी म्हणू नये. मात्र दुकान बंद करणे वेगळे आणि गिऱ्हाइकाच्या घरातील वस्तू निकामी करणे वेगळे. निष्ठेचे बक्षीस म्हणून सूट वा भेट मिळाली तर उत्तमच. पण विक्रेता उद्या नाहीसा झाला तर ग्राहकाजवळ काय उरते, हाच खरा निकष मानावा लागेल.

परमुलखात नोकरीस असलेल्या आपणां मंडळींस हा निकष सहज पटावा. दूरच्या प्रकाशकाच्या भरवशावर आपण वर्षाची वर्गणी आगाऊ पाठवितो. बदलीचा हुकूम आला की पेट्या भरतो. आणि कधीच बंद पडलेल्या मासिकांचे जुने अंक त्यांतून नव्या गावी नेतो. ते अंक तेथेही पहिल्यासारखेच उघडतात व वाचता येतात. केतकरांच्या वर्गणीदारास जे मिळाले ते हेच होते. आजच्या खेळाडूसही त्याहून अधिक काही नको आहे.