मधोमध म्हणजे न्याय? द्विभाषिक राज्याची साडेतीन वर्षं

मंडळी, भोसरीच्या बाजारात भाजीवाला ऐंशी म्हणतो, आपण चाळीस म्हणतो, साठला सौदा होतो. दोघांनाही वाटतं, रास्त झालं. आता त्यानं सुरुवातच एकशे साठपासून केली असती तर? मधला आकडा शंभर. भाजी तीच! म्हणजे मध्य कुठे पडतो हे टोकं कोण ठरवतो यावर असतं. दिघीत बसून आज हे बोलायचं कारण, हीच चूक आपल्या राज्यानं साडेतीन वर्षं भोगली.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आंध्र भाषेवर झाला होता, पण मराठी आणि गुजराती लोकांना आयोगानं एकाच मुंबई राज्यात ठेवलं. विदर्भ मात्र वेगळा. लोक खवळले. मग तीन राज्यांची योजना निघाली: महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं, आणि शहरात गोळीबार झाले. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं ते याच प्रश्नावर.

ऑगस्टमध्ये संसदेनं तोडगा काढला: विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळं धरून मोठं द्विभाषिक राज्य. मराठी माणसाला मुंबई मिळते, गुजराती माणसाची मुंबई जात नाही. कोणीच पूर्ण जिंकत नाही. दिल्लीला हे फारच समंजस वाटलं असणार, आणि खरं सांगायचं तर कागदावर मलाही वाटलं असतं.

पण नीट बघा. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना मराठी राज्य हवं होतं. इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीला गुजराती राज्य हवं होतं. ही विरुद्ध टोकं कुठे आहेत? दोघंही वेगळं व्हा म्हणतायत! भांडण होतं फक्त मुंबईचं. तिथला मध्य शोधता शोधता, ज्यावर दोघांचं एकमत होतं तेच नाकारलं गेलं. निर्णय जाहीर झाल्याबरोबर अहमदाबाद पेटलं, तिथेही गोळीबारात विद्यार्थी गेले.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास येतो: दोन्ही बाजू नाराज आहेत, म्हणजे निर्णय समतोल असला पाहिजे. अहो, दोन्ही बाजू नाराज असण्याचं आणखी एक साधं कारण असतं. निर्णय दोघांसाठीही चुकीचा असतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य सुरू झालं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसला धूळ चारली. याज्ञिक अहमदाबादमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेत काळी निशाणं होती.

१ मे १९६० ला दोन राज्यं झाली. तेव्हाही तडजोड झालीच की! डांग गुजरातेत गेला, बेळगाव आलंच नाही, आणि समितीतल्या अनेकांना ते शेवटपर्यंत सलत राहिलं. पण या वेळी मूळ प्रश्नाला उत्तर दिलं गेलं होतं, आणि देवाणघेवाण उरलेल्या सीमेवर झाली.