ड्राफ्ट नंबर १४ आणि वांगणीचे दरोडेखोर

तर मंडळी, या वीकांताला थोडा इतिहास. निमित्त मात्र घरगुती आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये एका आयटी कंपनीत काम करतो. साठच्या दशकात इथे कारखाने आले, पुढे त्यातले बरेच बंद पडले आणि काहींच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीच्या कँटीनमध्ये बसून मी आणि माझा एक मित्र गेली तीन वर्षं शॉर्ट फिल्मची पटकथा लिहितोय. बंद कारखान्याच्या वॉचमनची गोष्ट. फिल्म बारा मिनिटांची, ड्राफ्ट चौदा! वॉचमन होणार मित्राचे बाबा, ज्यांनी याच इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलं. गेल्या पावसाळ्यात आम्ही हेरून ठेवलेली शेड पाडली. मित्र म्हणाला, "आता शेवट बदलायला लागेल." आणि आम्ही पंधराव्या ड्राफ्टची फाइल उघडली.

त्या रात्री झोप येईना म्हणून दादासाहेब फाळक्यांवर जे मिळेल ते वाचत बसलो.

फाळक्यांची गोष्ट आपल्याला ढोबळ माहीत असते. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, झपाटले, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र' काढला. पण यातली एक गंमत माझ्या आधी कधी लक्षात आली नव्हती. तो मूकपट बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले ते राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या. तसं त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. म्हणजे स्वप्न कृष्णाचं होतं, आणि पहिला चित्रपट निघाला हरिश्चंद्राचा. 'श्रीकृष्णजन्म' यायला १९१८ साल उजाडलं.

मला वाटतं इथेच मेख आहे. हरिश्चंद्राची गोष्ट नाटका-कीर्तनांतून लोकांना पाठ होती. गोष्टीचा प्रश्न बराचसा सुटलेला होता. जे प्रश्न उरले होते, त्यांची उत्तरं कागदावर मिळण्यातली नव्हतीच.

त्यासाठी फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रं रोज थोडी थोडी घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणात दिसली. ही चिमुकली फिल्म दाखवून त्यांनी कर्ज मिळवलं. आमच्या भाषेत हा प्रोटोटाइप! कॅमेरा चालतो, फिल्म धुता येते, पडद्यावर चित्र हलतं, हे सगळं एका वाटाण्याने सिद्ध केलं.

म्हणजे त्यांनी तयारी केली नाही असं मुळीच नाही. लंडनला जाऊन शिकले, नटांच्या तालमी घेतल्या. पण तयारी कुठे संपते हे त्यांना कळत होतं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तर ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या अण्णा साळुंके नावाच्या आचाऱ्याला उभं केलं. रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीकाकूंनी युनिटचा स्वयंपाक केला, शिवाय अंधारात बसून फिल्मला भोकंही पाडली. सिनेमात काम करणं कमीपणाचं, म्हणून नटांनी बाहेर सांगायचं की आम्ही 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' आहोत. परेश मोकाशींच्या २००९च्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलंय.

आणि बाहेरचं शूटिंग कुठे झालं, तर वांगणीला! कर्जत लोकलने आपण बदलापूरच्या पुढे जातो, तीच वांगणी. म्हणे ढाली-तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले, आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेलं. शेवटी फाळक्यांनी कॅमेरा दाखवून समजूत पटवली. हा प्रसंग कुठल्या ड्राफ्टमध्ये सुचला असता सांगा?

सहा महिने सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फूट फिल्म तयार झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ती लोकांसमोर आली.

आता खरी गोष्ट. १९१७ साली फाळक्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली. आज 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जी रिळं बघायला मिळतात, ती १९१३ची नसून १९१७ची आहेत असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे पुनर्लेखन त्यांनाही चुकलं नाही. फक्त त्यांनी ते चित्रपट लोकांना दाखवल्यानंतर केलं, आधी नाही.

उलटा दाखला त्यांच्याच आयुष्यात आहे. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट पैशांअभावी रखडला. तो १९३२ साली बाहेर येईपर्यंत 'आलम आरा'ने (१९३१) सिनेमाला वाचा फोडली होती. मग १९३४ साली त्याला आवाज जोडून पुन्हा आणावा लागला. पटकथा तीच असते, बाहेरचं जग थांबत नाही. फाळक्यांकडे निदान पैसे नसण्याचं कारण होतं. आमच्याकडे तेही नाही, मोबाइलचा कॅमेरा खिशात आहे.

दुसऱ्या दिवशी मी नववा आणि चौदावा ड्राफ्ट शेजारी उघडून ताडून पाहिले. एकही नवा प्रसंग नव्हता. फक्त संवाद इकडचे तिकडे, आणि वॉचमनच्या तोंडी वाक्यं वाढलेली. ती वाक्यं बाबांच्या तोंडी बसतात का, हे बाबांना उभं केल्याशिवाय कळणार कसं? हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, दोन जिने चढले की बसावं लागतं. तीन वर्षांपूर्वी ते शेडच्या शिडीवर सहज चढून दाखवत होते. हे मात्र आम्ही कुठल्याच ड्राफ्टमध्ये धरलं नव्हतं.

मित्राला एवढंच म्हटलं, "जो प्रश्न लिहून सुटतो तो लिहून सोडवू. बाकीचे कॅमेऱ्याला विचारू." तो जरा गप्प बसला, मग म्हणाला, "बाबांना विचारतो."

बाबा म्हणाले, "मी कधीचा तयार आहे रे, तुमचंच चाललंय."

शिडीचा प्रसंग काढून टाकलाय. वॉचमन आता खुर्चीवर बसलेला असेल. शेड नाही, पण पाडलेल्या शेडचं गेट अजून उभं आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, रस्त्यावर टेम्पो सुरू व्हायच्या आत, तिथेच पहिला शॉट. वाटाण्याएवढा का होईना.

असो. कसा झाला ते पुढच्या वीकांताला सांगतो.