प्रोसेसरचा वेग घटणे (शहापूर-मुरबाड परिसर)

प्रोसेसरचा वेग घटणे : डेस्कटॉप संगणकावर कामाचा भार असतानाही प्रोसेसर त्याच्या मूळ वेगाखाली अडकून राहणे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत ग्रामपंचायतींची आपले सरकार सेवा केंद्रे, शाळा, झेरॉक्सची दुकाने आणि मुरबाड एमआयडीसीतली कार्यालये इथे बरीच वर्षे वापरलेले डेस्कटॉप अजून रोजच्या कामात आहेत. ते रखडू लागले की प्रोसेसर गेला असे समजून नवा घेण्याचा सल्ला मिळतो. तो घाईने मानू नये. अशा वेळी प्रोसेसर सहसा शाबूत असतो. उष्णतेपासून स्वतःला वाचवण्यासाठी त्याने वेग उतरवलेला असतो.

पेचकस हाती घेण्याआधी वेग मोजावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात चालू वेग आणि बेस स्पीड (मूळ वेग) दोन्ही दिसतात. संगणक नुसता चालू असताना ३.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वर दिसला, तर ती वीजबचत आहे. मोठे फोल्डर झिप करायला लावून दहा मिनिटे आकडा पाहावा. खोक्यावर छापलेला टर्बोचा आकडा ही कमाल मर्यादा असते. सगळे कोर कामाला लागल्यावर तो मिळेलच असे नाही. भार असतानाही वेग बेस स्पीडच्या खाली घसरला, तरच दोष शोधायला लागावे. प्रोसेसरचा वापर १५-२० टक्के आणि डिस्कचा १०० टक्के दिसत असेल, तर दुखणे हार्ड डिस्कचे आहे. एसएसडी बसवली की तोच प्रोसेसर पुरतो.

उष्णता हे या भागातले पहिले संशयित कारण. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास, तर एएमडी रायझेनची बहुधा ९० ते ९५ असते. मर्यादा गाठताच वेग आपोआप उतरतो. साधा पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २८ अंशांवरून ४२ वर गेली, की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण १४ अंश जास्त तापतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही वर जातो. त्याच दिवसांत भातासाठी राब भाजलेले असतात, वीटभट्ट्या धुमसत असतात. ती राख-धूळ कूलरमध्ये शिरते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत चिकटून बसते.

वरून पंखा स्वच्छ दिसला तरी फसू नये. पंखा काढला की त्याच्या आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा धुळीचा थर सापडतो. हवा तिथे अडते. तो मऊ ब्रशने काढावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, तिच्यात पाणी आणि तेल असते. मग हीटसिंक उतरवून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसावी आणि मटाराच्या दाण्याएवढी नवी लावावी. एएमडीच्या एएम४ बोर्डावर संगणक थोडा वेळ चालवून, पेस्ट मऊ झाल्यावर यंत्र बंद करून प्लग काढावा आणि हीटसिंक हलके फिरवत सोडवावा; थेट उपटला तर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट वर येऊ शकतो. इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एक जरी नीट बसली नाही, तरी कूलर तिरका राहतो आणि काही मिनिटांत तापमान मर्यादेला भिडते.

व्होल्टेज कमी असल्याने संगणक हळू चालतो, हा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस प्रोसेसरच्या वाटेला ठरलेले १२ व्होल्टच देतो आणि ते देता येईनासे झाले की यंत्र बंद पडते किंवा रीस्टार्ट होते. मंदावतो तो छताचा पंखा, आणि त्यामुळे यंत्राभोवतीची गरम हवा हलत नाही. वारंवार लाईट जाण्याचा फटका मात्र खरा असतो, पण तो डिस्कवरच्या फायलींना बसतो. म्हणून यूपीएस हवाच.

वेग ०.७९ गिगाहर्ट्झवरच खिळला आणि प्रोसेसर तर गार आहे, असे असेल तर मदरबोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग तापला आहे का ते पाहावे. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असावी. संगणकाची तारीख सारखी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. बायोसच्या सेटिंग्ज त्यामुळे पुसल्या जातात आणि ३२०० वर चालणारी रॅम २१३३ किंवा २४०० वर येऊ शकते. काही काम चालू नसतानाही प्रोसेसरचा वापर सतत चढा राहिला, तर मालवेअर तपासावे.

प्रोसेसर बदलण्याचे सबळ कारण आता वेगळेच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेन २००० मालिका, निदान एवढे तरी लागते. त्याहून जुन्या इंटेल यंत्रात नव्या पिढीचा प्रोसेसर घालायचा तर मदरबोर्डही बदलावा लागतो, बऱ्याचदा रॅमसुद्धा.