‘व्हर्सायचा गुलाब’ आणि एक लाल रेघ

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. फ्रेंच राज्यक्रांतीवरील उत्तरपत्रिका तपाशीत असतां एका विद्यार्थिनीच्या उत्तरांत आम्हांस एक अपूर्व माहिती आढळली. १४ जुलै १७८९ रोजीं बॅस्टिलच्या तटावर तोफा डागण्याचा हुकूम ओस्कार नांवाच्या एका स्त्री-सेनानीनें दिला, असें तिनें मोठ्या आत्मविश्वासानें लिहिलें होतें. आम्हीं त्या वाक्यावर लाल रेघ ओढली, गुण कापले, आणि हल्लींच्या मुलांच्या वाचनाविषयीं मनांतल्या मनांत चार कठोर शब्द उच्चारून पुढील उत्तरपत्रिका हातीं घेतली. निकालानंतर ती मुलगी आमच्या घरीं आली. गुणांविषयीं तिनें चकार शब्द काढला नाहीं. अमेरिकेंतील मावशीनें पाठविलेली डीव्हीडी तबकड्यांची एक पेटी तिनें मेजावर ठेविली आणि म्हणाली, “सर, चूक माझीच आहे. ओस्कार खरी नव्हती हें मला आतां ठाऊक आहे. पण ती कां निर्माण करावी लागली, हें आपण एकदां पाहावें.”

चाळीस भागांची ती जपानी चित्रमालिका पुरी करण्यास आम्हांस उन्हाळ्याची बहुतेक सुटी लागली. हलत्या चित्रांची गोष्ट म्हणजे लहान मुलांची करमणूक, हा आमच्या पिढीचा समज. तो घेऊनच आम्ही बसलों होतों. उठलों तेव्हां तो समज तर गेलाच होता. शिवाय इतिहासाच्या अध्यापकास अस्वस्थ करणारे दोन-तीन प्रश्न त्याच्या जागीं येऊन बसले होते. त्या प्रश्नांचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम मूळ कृतीची हकीकत. रियोको इकेदा ही जपानी लेखिका १९४७ साली जन्मली. शाळेंत असतांना तिनें स्टेफान झ्वाइग यानें लिहिलेलें मारी आंत्वानेत राणीचें चरित्र वाचलें आणि तें तिच्या मनांत घर करून राहिलें. १९७२ मध्यें, वयाची पंचविशीही गांठली नव्हती अशा वेळीं, ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकांत तिनें ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा सुरू केली. इतिहासाची कथा मुली वाचणार नाहींत, अशी शंका संपादकवर्गास होती. ती वाचकांनीं पार खोटी ठरविली. १९७३ मध्यें कथा संपली आणि १९७४ मध्यें ताकाराझुका या सर्व भूमिका स्त्रियाच करणाऱ्या प्रख्यात नाटकमंडळीनें ती रंगभूमीवर आणली. १९७९ मध्यें फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी यानें तिच्यावर चित्रपट काढला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं जपानी दूरचित्रवाणीवर चित्रमालिका सुरू झाली, ती ३ सप्टेंबर १९८० पर्यंत चालली. आरंभींचे भाग तादाओ नागाहामा यानें दिग्दर्शित केले. एकोणिसाव्या भागापासून सूत्रें ओसामू देझाकी याच्या हातीं गेलीं. कथेचा रंग तेथपासून गडद होत जातो. ऐन प्रसंगीं हलतें चित्र थबकतें आणि क्षणभर रंगविलेल्या स्थिर चित्रासारखें डोळ्यांपुढें उभें राहतें. ही देझाकीची खास लकब होय, आणि आमच्या मतें ती इतिहासकारासही पुष्कळ शिकवूं शकेल.

कथा थोडक्यांत अशी. सेनापति जार्जे यास मुलगा नाहीं. सहाव्या मुलीस तो ओस्कार हें पुरुषाचें नांव देतो आणि तिला सैनिक म्हणून वाढवितो. राणी आंत्वानेत, तिचा प्रियकर फेर्सेन आणि ओस्कार हीं तिघेंही १७५५ सालचींच. पहिलीं दोन इतिहासांतील, तिसरी कल्पनेंतील. ओस्कार राणीच्या रक्षकदलांत शिरते, राजवाड्याचें वैभव आणि पॅरिसच्या गल्ल्यांतील उपासमार दोन्ही पाहते, हळूहळू बदलते, आणि अखेर आपलें सैनिकी पथक घेऊन जनतेच्या बाजूस जाऊन मिळते. बॅस्टिल पडतें त्याच दिवशीं ती प्राण सोडते.

आतां या तबकड्यांच्या दीर्घ प्रतीक्षेविषयीं. मालिका प्रक्षेपित झाली तेव्हां ती घरीं जपून ठेवण्याची सोय बहुसंख्य प्रेक्षकांस नव्हती. सोनी कंपनीची बीटामॅक्स फीत १९७५ मध्यें व व्हीएचएस फीत १९७६ मध्यें बाजारांत आली होती खरी. पण ध्वनिचित्रमुद्रण करणारें यंत्र त्या काळीं चैनीचें होतें. मालिका १९८२ मध्यें इटलींत व १९८६ मध्यें फ्रान्समध्यें ‘लेडी ओस्कार’ या नांवानें दाखविली गेली, आणि ज्या देशाचा हा इतिहास त्या देशांतील मुलांनींही ती आवडीनें पाहिली. इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढें मात्र ती आली नाहीं. याचें एक कारण अगदीं व्यापारी आहे. फितींच्या युगांत एका कॅसेटवर बहुधा दोन-चारच भाग विकले जात. चाळीस भाग म्हणजे कॅसेटांचा ढीग; तो छापणें विक्रेत्यास महाग आणि घेणें ग्राहकास त्याहून महाग. शिवाय अमेरिकेंतील गिऱ्हाईक यंत्रमानवांच्या लढाया मागतें, मुलींची प्रणयकथा मागत नाहीं, अशी दुकानदारांची समजूत.

मग रसिकांनीं आपला मार्ग आपण काढला. जपानांतून मुद्रित फिती मागवावयाच्या, जपानी जाणणाऱ्या मित्राकडून भाषांतर करवावयाचें, घरगुती संगणकाच्या साह्यानें चित्राखालीं इंग्रजी ओळी उमटवावयाच्या, आणि कोरी फीत व पोस्टाचीं तिकिटें पाठविणाऱ्यास प्रत करून द्यावयाची, अशी एक परंपराच अमेरिकेंत निर्माण झाली. कायद्याच्या दृष्टीनें हें निर्दोष होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु छापखान्यापूर्वींच्या लेखकूंची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. नकलेवरून नक्कल करतां करतां पोथींत जसे अपपाठ शिरत, तशी फितीवरून फीत उतरतां उतरतां चित्राची रेषा पुसट होई, रंग फिके पडत, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतींत ओस्कारचा गणवेश तांबडा कीं तपकिरी हेंही सांगणें कठीण जाई.

अखेरीस २०१३ मध्यें, मूळ प्रक्षेपण संपल्यानंतर तेहतीस वर्षांनीं, अमेरिकेंतील राइट स्टफ या संस्थेच्या नोझोमी या शाखेनें संपूर्ण मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह दोन संचांत डीव्हीडीवर काढली. आमच्या मेजावर आलेली पेटी ती हीच. आरंभींच्या प्रक्षेपणकाळीं शाळेंत असलेली जपानी मुलगी तोंवर चाळिशी ओलांडून गेली होती.

तबकडी घरीं असण्यानें असें काय बदलतें, असें कोणी विचारील. आमच्या मतें पुष्कळच बदलतें. दूरचित्रवाणीवरील मालिका ही कीर्तनासारखी असते. रंगली तर डोळ्यांस पाणी आणते, पण बुवा उठले कीं संपली. ऐकलेल्या आख्यानांतला अमका शब्द खरा कीं खोटा, हें दुसऱ्या दिवशीं पडताळून पाहतां येत नाहीं. घरांतील प्रत ही पोथी आहे. ती थांबवितां येते, मागें नेतां येते, शेजारीं दुसरा ग्रंथ उघडून ताडून पाहतां येते. आम्हीं तसेंच केलें. एका हातीं यंत्राची कळ व दुसऱ्या हातीं राज्यक्रांतीचे ग्रंथ, असे आम्ही बसूं लागलों, आणि लाल रेघेविषयींचा आमचा आत्मविश्वास हळूहळू ओसरूं लागला.

कारण या कथेंत कल्पित आणि सत्य यांची वीण फार घट्ट आहे. ओस्कारचा बाप म्हणून दाखविलेला जार्जे हा खराखुरा सरदार होता. राणी कैदेंत असतां १७९३ मध्यें तिला सोडविण्याच्या कटांत तो सामील होता. राणीची तुरुंगांतील अखेरची दासी रोझाली लामोर्लिएर ही देखील खरी. तिनें सांगितलेल्या आठवणी राणीच्या शेवटच्या दिवसांचें एक मोलाचें साधन समजल्या जातात. मालिकेनें तिला वेगळाच जन्म व वेगळेच आप्त दिले आहेत. परंतु अखेरीस तिला त्याच कोठडीच्या दारांत आणून उभें केलें आहे. स्वीडिश सरदार फेर्सेन यानें २० जून १७९१ च्या रात्रीं राजकुटुंबास पॅरिसबाहेर काढलें, आणि १८१० मध्यें नेमक्या २० जून रोजींच स्टॉकहोमच्या जमावानें त्यास ठार केलें. असा योग कादंबरीकारानें रचला असता तर आम्हीं त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें.

आणि बॅस्टिल? तेथें स्त्री-सेनानी नव्हती. परंतु राजाचें फ्रेंच रक्षकदल फुटून जनतेस मिळालें, त्यांतील शिपायांनीं तोफा आणल्या, आणि त्या तोफा दरवाजासमोर येतांच किल्लेदाराचा धीर सुटला, हें सर्व खरें आहे. त्या शिपायांच्या पुढें यूलँ नांवाचा पूर्वींचा एक सार्जंट होता. सुमारें शंभर हल्लेखोर मेले आणि किल्ल्यांत कैदी निघाले अवघे सात. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीनें तोफा खऱ्या लिहिल्या, पथक खरें लिहिलें, दिवस खरा लिहिला. नायक तेवढा खोटा लिहिला. आमच्या वर्गांतील कित्येक मुलांनीं तारीख बिनचूक लिहून बाकीचें कांहींच लिहिलें नव्हतें, आणि त्यांचे गुण आम्हीं कापले नव्हते.

परंतु तिनें आमच्या घरीं उच्चारलेला प्रश्न याहून खोल होता. ओस्कार कां निर्माण करावी लागली? आम्ही ग्रंथ चाळूं लागलों तेव्हां दिसलें कीं, राज्यक्रांतींत स्त्रिया नव्हत्या असें मुळींच नाहीं. ५ ऑक्टोबर १७८९ रोजीं पॅरिसच्या बाजारांतील हजारों बायका, भाकरी द्या म्हणत, भर पावसांत सुमारें वीस किलोमीटर चालून व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशीं राजाराणीस घेऊनच परतल्या. राजसत्तेचें ठाणें व्हर्सायहून जें हललें तें पुन्हां तेथें गेलें नाहीं. ओलँप द गूझ हिनें १७९१ मध्यें स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. ३ नोव्हेंबर १७९३ रोजीं तिचा शिरच्छेद झाला. राणीचा झाला होता १६ ऑक्टोबरला, म्हणजे तीन आठवडेही लोटले नव्हते. त्याच सुमारास क्रांतिकारक सरकारनें स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली. हें सारें साधनग्रंथांत आहे. पण आमच्या टिपणांत त्या बायकांस एक ओळ होती आणि ओलँपला तीही नव्हती. इकेदानें जी पोकळी पाहिली, ती इतिहासापेक्षां इतिहास शिकविण्यांत अधिक होती.

याचा अर्थ कथेंत दोष नाहींत, असा नव्हे. सर्वांत मोठा दोष हा कीं, जनतेच्या क्रांतीस येथें एक उमराव-कन्या पुढारी म्हणून लागते. ज्या कोळिणींनीं व भाजीवाल्यांनीं राजाला राजधानींत आणलें, त्यांचा पराक्रम एका देखण्या, घोड्यावर बसणाऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेच्या छायेंत जातो. खरा जार्जे राणीशीं अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिला. त्याची कल्पित लेक मात्र क्रांतीसाठीं मरते, आणि या दोहोंतील विसंगति भावनेच्या भरांत झांकली जाते. बखरकाराचा मोह हाच असतो. घडलें तें त्यास पुरत नाहीं. शोभेल असें घडलेलें हवें असतें. बखर वाचून मनुष्य इतिहासाकडे वळला तर बखरीचे उपकार मानावे; बखरीपाशींच थांबला तर मात्र अध्यापकानें लाल पेन्सिल उचललीच पाहिजे.

इकेदाच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण थांबले नाहींत. चित्रकथा वाचून जपानी तरुणींत फ्रेंच इतिहासाची व भाषेची गोडी वाढली, आणि २००९ मध्यें फ्रेंच सरकारनें इकेदास ‘लेजिओं द ऑनर’ हा सन्मान दिला. २०२० पासून मूळ चित्रकथेचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर खंडशः निघालें आणि २०२५ मध्यें जपानांत तिच्यावर नवा चित्रपटही आला.

तरी तेहतीस वर्षांनीं मिळालेली वस्तु कायमची मिळाली, असें समजूं नये. राइट स्टफ ही संस्था २०२२ मध्यें एका मोठ्या कंपनीनें विकत घेतली आणि २०२३ मध्यें तिचें तबकड्या विकणारें दुकान बंद झालें. आज चित्रें तारेवरून घरीं येतात आणि करार संपला कीं तशींच निघूनही जातात; आपण पुन्हां कीर्तनाच्या युगांत शिरत आहों. ज्यांच्या कपाटांत पेटी आहे त्यांच्यापाशींच ती कृति आहे, इतरांजवळ तिची केवळ आठवण. म्हणून ती पेटी परत देतांना आम्हीं त्या मुलीस ती नीट जपून ठेवण्यास सांगितलें.

तिचे गुण आम्हीं वाढविले नाहींत. ओस्कार बॅस्टिलपाशीं नव्हती, आणि परीक्षकास त्याखेरीज दुसरें कांहीं म्हणतां येत नाहीं. परंतु पुढील वर्षीं राज्यक्रांतीचें टिपण आम्हीं नव्यानें लिहिलें. त्यांत ५ ऑक्टोबरच्या बायकांना एक संपूर्ण तास दिला आहे आणि ओलँप द गूझचें नांव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितों. लाल रेघ त्या जुन्या उत्तरपत्रिकेवर तशीच असेल. पण ती कोणाच्या चुकीखालीं ओढली गेली, याविषयीं आम्ही आतां तितके निःशंक नाहीं.