नमपाय लायब्ररीतील दोषनिवारण व चाचण्या

नमपाय ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी तयार केलेली संख्यात्मक गणनाची मुक्तस्रोत लायब्ररी आहे. एकाच प्रकारच्या अनेक संख्या ॲरे या रचनेत साठवणे आणि त्यांवर वेगाने गणिती क्रिया करणे हे तिचे मुख्य कार्य होय. या लायब्ररीतील दोष (बग) शोधणे, ते दुरुस्त करणे आणि दुरुस्ती टिकून राहावी यासाठी चाचण्या लिहिणे व सुधारणे हे तिच्या विकासाचे अखंड चालणारे अंग आहे. सामान्य सॉफ्टवेअरमधील दोष बहुधा वापरकर्त्याच्या लक्षात येतो. प्रोग्राम बंद पडतो किंवा पडद्यावर भलतेच काही दिसते. संख्यात्मक लायब्ररीतील दोष मात्र अनेकदा मूक असतो. चुकीची संख्या दिसायला बरोबर संख्येसारखीच असते. त्यामुळे अशा लायब्ररीत चाचण्यांना विशेष महत्त्व प्राप्त होते.

पार्श्वभूमी

पायथनसाठी न्यूमरिक ही ॲरेची लायब्ररी १९९५ मध्ये तयार झाली. पुढे नमॲरे ही दुसरी लायब्ररी आली आणि वापरकर्त्यांत फूट पडली. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ मध्ये या दोन्हींतील गुण एकत्र आणण्याचे काम हाती घेतले आणि २००६ मध्ये नमपायची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. लायब्ररीचा गाभा मुख्यतः सी भाषेत असून वापरकर्त्यासमोरचा भाग पायथनमध्ये आहे. सायपाय, पांडाज, सायकिट-लर्न यांसारख्या अनेक लायब्रऱ्या नमपायवर आधारलेल्या आहेत. गुरुत्वीय लहरींचा शोध आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र या कामांतही तिचा वापर झाला. परिणामी नमपायमधील एखादा दोष तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. तिच्यावर उभ्या असलेल्या सर्व गणनांत तो उतरतो.

संख्यात्मक दोषाची किंमत किती मोठी असू शकते, हे नमपायच्या कितीतरी आधी घडलेल्या एका घटनेतून दिसते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट प्रणालीला इराकी क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. प्रणालीतील घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नसल्याने २४ बिटांच्या जागेत ती किंचित छाटली जाई. प्रणाली सलग सुमारे १०० तास चालू राहिल्याने ही सूक्ष्म तूट साठत जाऊन सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. सुधारित सॉफ्टवेअर धहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

दोषांचे स्वरूप

फ्लोटिंग पॉइंट गणनातील दोष

संगणकात अपूर्णांक सहसा आयईईई ७५४ या मानकानुसार साठवले जातात. ६४ बिटांच्या प्रकारात ५३ बिटांची, म्हणजे सुमारे १५ ते १७ दशमान अंकांची अचूकता मिळते. म्हणूनच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. हा दोष नसून साठवणुकीची मर्यादा आहे. दोष तेव्हा निर्माण होतो, जेव्हा निवडलेली गणनपद्धती ही मर्यादा अनावश्यकपणे वाढवते.

प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ४, ७, १३ आणि १६ या संख्यांचे नमुना-प्रचरण ३० आहे. प्रत्येक संख्येत एक अब्ज मिळवले तरी विखुरणे बदलत नाही. उत्तर ३० च यायला हवे. परंतु ‘वर्गांची बेरीज वजा बेरजेच्या वर्गाचा चतुर्थांश’ हे पाठ्यपुस्तकी सूत्र वापरल्यास दोन्ही पदे चारावर अठरा शून्ये इतकी मोठी होतात. त्यांच्यातील खरा फरक ९० असतो. मात्र त्या परिमाणात ६४ बिटांच्या दोन शेजारी संख्यांमधील अंतरच ५१२ असते. त्यामुळे ९० हा फरक मिळणे अशक्य होते आणि उत्तर शून्य किंवा चक्क ऋणही येऊ शकते. नमपाय यासाठी आधी सरासरी काढून नंतर तिच्यापासूनच्या अंतरांचे वर्ग घेते.

बेरजेतही अशीच अडचण येते. ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात १ ही संख्या एकामागून एक मिळवत गेल्यास बेरीज १,६७,७७,२१६ वर येऊन थांबते. त्यापुढे १ मिळवला तरी संख्या बदलत नाही. २०१४ मधील १.९ या आवृत्तीपासून नमपायमध्ये जोडीपद्धतीची बेरीज वापरली जाते. तीत संख्यांचे गट पाडून आधी गटांच्या बेरजा आणि मग त्या बेरजांची बेरीज केली जाते. त्यामुळे साठत जाणारी त्रुटी बरीच कमी होते. ही सुधारणा मात्र स्मृतीत सलग असलेल्या अक्षावरील बेरजेलाच लागू पडते. म्हणून तेच आकडे आडवे बेरजेस घेतल्यास एक अचूकता आणि उभे घेतल्यास दुसरी, असे घडू शकते.

पूर्णांकांच्या मर्यादा

नमपायमधील पूर्णांकांना ठरावीक जागा मिळते. ८ बिटांच्या चिन्हयुक्त प्रकारात −१२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावतात. या प्रकारात −१२८ चे केवलमूल्य काढल्यास उत्तर पुन्हा −१२८ येते, कारण १२८ साठी जागाच नसते. विंडोजवर नमपायचा मूलभूत पूर्णांक दीर्घकाळ ३२ बिटांचा होता, तर ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा होता. परिणामी ॲरेतील ५०,००० ला ५०,००० ने गुणल्यास लिनक्सवर २,५०,००,००,००० हे योग्य उत्तर येई आणि विंडोजवर कोणतीही सूचना न देता −१,७९,४९,६७,२९६ मिळे. जून २०२४ मधील २.० या आवृत्तीत ६४ बिटांच्या विंडोजवरही मूलभूत पूर्णांक ६४ बिटांचा करण्यात आला.

सामायिक स्मृतीतून उद्भवणारे दोष

नमपायमध्ये एका ॲरेचा भाग किंवा त्याचा परिवर्त मागितल्यास सहसा नवी प्रत तयार होत नाही. मूळ स्मृतीकडेच वेगळ्या क्रमाने पाहिले जाते. यामुळे वेग वाढतो, पण एखाद्या मॅट्रिक्समध्ये तिचाच परिवर्त जागच्या जागी मिळवताना वाचायची आणि लिहायची जागा एकच होते. पूर्वी अशा क्रियेत काही घटक बदलल्यानंतर वाचले जात. लहान मॅट्रिक्सवर बरोबर येणारे उत्तर मोठ्या मॅट्रिक्सवर चुकू शके, आणि लहान उदाहरणांवरच बेतलेल्या चाचणीला हा दोष सापडत नसे. २०१७ मधील १.१३ या आवृत्तीपासून असे अतिव्यापन ओळखून गरजेपुरती तात्पुरती प्रत केली जाते.

चाचण्यांची रचना

नमपायच्या प्रत्येक उपविभागात चाचण्यांची स्वतंत्र निर्देशिका असते. आरंभी चाचण्या नोज या साधनाने चालवल्या जात. २०१८ मधील १.१५ या आवृत्तीपासून पायटेस्ट वापरले जाते. हायपोथेसिस या साधनाचाही काही ठिकाणी उपयोग होतो. त्यात ठरावीक उदाहरणांऐवजी एखादा गुणधर्म सांगितला जातो आणि तो मोडणारी उदाहरणे साधनच शोधते.

स्वीकार्य तफावत

फ्लोटिंग पॉइंट उत्तर अपेक्षित उत्तराशी तंतोतंत जुळेलच असे नाही. प्रोसेसर आणि कंपायलर बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो. म्हणून किती तफावत चालेल हे चाचणीत ठरवावे लागते. ही तफावत सापेक्ष (अपेक्षित संख्येच्या प्रमाणात) किंवा निरपेक्ष (ठरावीक) असू शकते. नमपायच्या चाचणी विभागातील ‘ॲसर्ट ऑलक्लोज’ हे फलन मुळात कोटीत एक इतकी सापेक्ष तफावत स्वीकारते आणि निरपेक्ष तफावत शून्य धरते. सर्वसाधारण वापराचे ‘ऑलक्लोज’ हे फलन मात्र लाखात एक इतकी सापेक्ष आणि त्याखेरीज दहा कोटीत एक इतकी निरपेक्ष तफावत स्वीकारते.

या दुसऱ्या नियमाचा परिणाम अतिसूक्ष्म संख्यांवर होतो. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार कूलोंब या एककात १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात इतका असतो. ही संख्या आणि तिची दुप्पट यांची ‘ऑलक्लोज’ने तुलना केल्यास दोन्ही ‘जवळपास समान’ ठरतात. अशा चाचणीत उत्तर दुप्पट चुकले तरी चाचणी उत्तीर्ण होते. उलटपक्षी तफावत फारच कमी ठेवल्यास निर्दोष कोडही एखाद्या संगणकावर अनुत्तीर्ण ठरते आणि कालांतराने त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ लागते. म्हणून तफावत ही गणनपद्धतीच्या अपेक्षित त्रुटीवरून ठरवणे इष्ट असते. चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत ती वाढवत नेणे म्हणजे चाचणी रद्द करण्यासारखेच आहे.

चाचण्यांतील उणिवा

चाचणी स्वतःही सदोष असू शकते. ॲरेची एकाच संख्येशी तुलना केली असता ‘ॲसर्ट ॲरे इक्वल’ हे फलन ती संख्या प्रत्येक घटकाशी ताडून पाहते. त्यामुळे फलनाने एका संख्येऐवजी संपूर्ण ॲरे परत दिला, तरी सर्व घटक त्या संख्येइतके असल्यास चूक लपून राहते. यासाठी १.२४ या आवृत्तीत काटेकोर तुलनेचा पर्याय देण्यात आला. त्यात आकार आणि प्रकार हेही जुळावे लागतात. ‘नॅन’ (संख्या नव्हे) हे मूल्य मानकानुसार स्वतःशीही समान नसते; चाचणीची फलने मात्र समान जागी असलेली अशी मूल्ये जुळली असे मानतात. यादृच्छिक संख्यांवर आधारित चाचण्यांत आरंभबीज ठरवून द्यावे लागते, अन्यथा आज दिसलेला दोष उद्या पुन्हा दाखवता येत नाही.

दोषनिवारणाची पद्धत

दोषनिवारणाची पहिली पायरी म्हणजे दोष पुन्हा घडवून आणणारे लहानात लहान उदाहरण तयार करणे. त्यानंतर तो खरोखर दोष आहे की अपेक्षित वर्तन, हे तपासले जाते. उदाहरणार्थ, ‘अरेंज’ फलनाला १ पासून १.३ च्या अलीकडेपर्यंत ०.१ च्या अंतराने संख्या मागितल्यास १.३ ही संख्याही यादीत येते. हा फ्लोटिंग पॉइंट भागाकाराचा परिणाम असून अशा वेळी ‘लिनस्पेस’ हे फलन वापरण्याची शिफारस केली जाते.

दोष निश्चित झाल्यावर दुरुस्तीसोबत त्याच दोषासाठी चाचणी लिहिली जाते. ही चाचणी जुन्या कोडवर अनुत्तीर्ण आणि नव्या कोडवर उत्तीर्ण होणे आवश्यक असते. पहिली अट महत्त्वाची आहे. जी चाचणी दुरुस्तीपूर्वीही उत्तीर्ण होत होती, ती त्या दोषाविषयी काहीच सांगत नाही. अशा चाचणीला रिग्रेशन टेस्ट म्हणतात. पुढे कोणी त्या भागाची फेररचना केली आणि जुना दोष परत आला, तर ती इशारा देते. प्रस्तावित बदल गिटहबवर मांडला जातो, विविध कार्यप्रणाली व प्रोसेसरांवर सर्व चाचण्या आपोआप चालवल्या जातात आणि इतर विकासक त्याची समीक्षा करतात. बदलाच्या शीर्षकात दोषदुरुस्ती, चाचणी, दस्तऐवजीकरण असा प्रकार सूचित करणारी उपसर्गाक्षरे लिहिण्याची प्रथा आहे.

सुसंगतीचा प्रश्न

प्रत्येक दुरुस्ती सर्वांनाच सोयीची नसते. वर्षानुवर्षे मिळणारे चुकीचे उत्तर गृहीत धरून कोणी पुढील कोड लिहिलेले असू शकते. म्हणून वर्तनात बदल करताना सहसा आधी इशारा देण्यात येतो आणि किमान दोन आवृत्त्यांनंतर जुने वर्तन काढून टाकले जाते. स्पष्टपणे चुकीची उत्तरे देणारा दोष मात्र इतका काळ तसाच ठेवणे योग्य मानले जात नाही. यादृच्छिक संख्यांच्या जुन्या पद्धतीबाबत वेगळा तोडगा निघाला: तिचा संख्याक्रम जुने प्रयोग पुन्हा करता यावेत म्हणून गोठवण्यात आला आणि २०१९ मधील १.१७ या आवृत्तीत सुधारणांना मोकळीक असलेली नवी यंत्रणा स्वतंत्रपणे आणली गेली.

मर्यादा

चाचण्या दोषांचे अस्तित्व दाखवू शकतात. दोष मुळीच नाहीत हे सिद्ध करू शकत नाहीत. कोडच्या किती ओळी चाचण्यांत चालवल्या गेल्या याची टक्केवारी उपयुक्त असली, तरी ओळ चालली म्हणजे तिचे उत्तर तपासले गेले असा तिचा अर्थ होत नाही. रिकामे ॲरे, एकच घटक असलेले ॲरे, अतिविशाल संख्या, अनंत, ‘नॅन’ आणि स्मृतीत सलग नसलेले ॲरे या टोकाच्या स्थितींत दोष अधिक आढळतात. त्यामुळे जुन्या फलनांसाठी अशा स्थितींच्या चाचण्या लिहिणे हे नवी सुविधा घालण्याइतकेच मोलाचे योगदान ठरते. नवागत स्वयंसेवकांसाठी तो लायब्ररीची ओळख करून घेण्याचा एक मार्गही आहे.